एएमएसच्या चुंबकाची अदलाबदल : पार्श्वभूमी

एएमएस (अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर) हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा, वैश्विक किरणांचे म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांचे मोजमाप करणारा शोधक. या किरणांत कोणकोणती अणुकेंद्रके आहेत, हे फोटो-इमल्शनच्या (कणांचा माग उमटणाऱ्या छायाचित्रण-लेपाच्या) बलून-उड्डाणांनी 1948 मध्येच दाखवायला सुरुवात केली होती. 1985 साली भारताचा ‘अनुराधा’ हा प्लॅस्टिकच्या थरांचा शोधकही स्पेस शटलमधून जाऊन आला. कण पदार्थातून जाताना सोडलेली ऊर्जा त्याच्या विद्युतभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तितक्याच वेगाच्या प्रोटॉनच्या तुलनेत कार्बन 36 पट ठसा उमटवतो. पण भार धन की ऋण, म्हणजे हेलियम की प्रतिहेलियम (हेलियमचे उलट भाराचे प्रतिरूप), हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी कणाची वाट वाकवणारा चुंबक हवा.

एएमएसच्या जून 1998 च्या दहा दिवसांच्या चाचणी-उड्डाणात साधा कायम चुंबक होता. अंतराळ स्थानकासाठी मात्र सुमारे पाचपट ताकदीचा अतिवाहक (अतिशय थंड ठेवल्यास विजेला रोध न करणाऱ्या तारांचा) चुंबक बनवला गेला. तो उणे 271 अंशांच्या आसपास थंड ठेवायला सुमारे 2,500 लिटर द्रवरूप हेलियम लागणार होते, आणि वर ते पुन्हा भरायची सोय नव्हती. 2003 च्या शटल-अपघातानंतर तर उड्डाणच रद्द झाले होते. 2008 मध्ये ते मोठ्या खटपटीने परत मिळाले.

2010 मध्ये नेदरलँड्समधल्या निर्वात चाचण्यांत हेलियम अपेक्षेपेक्षा लवकर संपेल असे दिसले. त्याच सुमारास स्थानकाची मुदत 2020 पर्यंत वाढायची चिन्हे होती. एप्रिलमध्ये अतिवाहक चुंबक काढून 1998 चा जुनाच बसवायचे ठरले. टीका होणारच होती. वर्षानुवर्षांचे काम वाया गेले, आणि क्षीण क्षेत्रात अतिऊर्जावान कण जेमतेम वाकतात, हा आक्षेपही खोटा नव्हता. त्यावर उपाय म्हणून कणाची वाट नोंदवणाऱ्या सिलिकॉन पट्ट्यांचे थर नव्याने मांडले. एक थर अगदी वर, एक तळाशी गेला, त्यामुळे वाट सुमारे तीन मीटर लांबीवर मोजता येऊ लागली. दुर्मीळ कण वाट पाहणाऱ्यालाच सापडतात. हे पाहता तीनेक वर्षांत निकामी होणाऱ्या बलाढ्य चुंबकाचा हट्ट धरण्यात फारसे शहाणपण नव्हतेच.

मे 2011 मध्ये शोधक स्थानकावर बसला. 2016 मध्ये त्याने बोरॉन-कार्बन गुणोत्तराचे तपशीलवार मोजमाप दिले. बोरॉन ताऱ्यांत जवळपास तयार होत नाही, कार्बनसारखी केंद्रके वाटेत आदळून फुटली की होतो. म्हणून किरणांनी आकाशगंगेत किती पदार्थ ओलांडला, हे त्यावरून काढता येते. पुढे सिलिकॉन थरांचे शीतकरण-पंप एकेक करून बंद पडले. नोव्हेंबर 2019 ते जानेवारी 2020 दरम्यान चार स्पेसवॉक करून, नळ्या कापून, नवे पंप जोडावे लागले. मूळ रचनेत अशा दुरुस्तीची तरतूदच नव्हती.