बेरा तपासणीला येताना मूल जागं आणा

मूल बोलत नाही म्हणून पालक कणकवलीतल्या आमच्या वाचा-श्रवण केंद्रात आले की आम्ही आधी कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाजाला कानाची नस कसा प्रतिसाद देते ते यंत्राने पाहणं, सांगतो. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: "त्येका सगळा ऐकाक येता, फक्त बोलणा नाय." हाक मारली की वळतो, गाडी वाजली की दाराकडे पळतो. मग कान कशाला तपासायचे?

गाडीचा हॉर्न ऐकू येणं वेगळं आणि बोलणं ऐकू येणं वेगळं. काही मुलांना मोठे, जाड आवाज नीट कळतात, पण स, श, फ असे बारीक आवाज पोचत नाहीत, त्यामुळे शब्द अर्धवटच कानावर पडतो. पावसाळ्यातली सर्दी रेंगाळून पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकणं मंदावतं. कान न तपासता बोलण्याची थेरपी सुरू केली तर महिने फुकट जातात आणि पैसे तुमचेच. म्हणून आमचा हा हट्ट. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने मूल तपासलं असेल तर ते कागद जरूर आणा. देवाला गाऱ्हाणं घालायलाही आमची ना नाही, फक्त तपासणी त्यासाठी थांबवू नका. दीड वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचं मूल "दूध दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर "त्याचा काका पण उशिरा बोललेला" यावर विसंबू नका.

आता खरी अडचण. बेरामध्ये कपाळाला आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतो, कानात टकटक असा आवाज सोडतो आणि मेंदूकडे जाणारी नस त्याला कसा प्रतिसाद देते ते यंत्र टिपतं. सुई नाही, दुखत नाही. पण लहान मूल गाढ झोपलेलं लागतं, कारण नुसती मान हलली तरी आलेख बिघडतो.

आणि मूल झोपतं कुठे? गाडीत! देवगडहून निघालेलं नांदगाव तिठ्याला आणि मालवणचं कसालला डोळे मिटतं. कणकवलीत आमच्या दारात उतरवलं की टक्क जागं. मग आई पायावर घेऊन झुलवते, आजी गाणी म्हणते, दोन तास जातात आणि मूल खोलीभर पळत असतं. बाहेर पुढची वेळ घेतलेले पालक ताटकळतात.

म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा. प्रवासात गाडी चालवणाऱ्याशिवाय आणखी एक मोठं माणूस मुलाजवळ हवंच, त्याचं काम एकच: जागं ठेवणं. वाटेत दूध पाजू नका, ते इथे पाजा. एरवी मोबाईल देऊ नका म्हणून आम्हीच कानीकपाळी ओरडतो, पण त्या दिवशी दिलात तरी काही बोलणार नाही. रोजची गोधडी सोबत आणा. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने अजिबात पाजू नका, बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलं असेल तरच.

आणखी एक. डोक्याला खोबरेल चोपडून, कपाळावर तीट लावून आणू नका. तेलावर चकत्या टिकत नाहीत आणि पुसता पुसता झोपलेलं मूल उठतं. वाहतं नाक किंवा कान दुखत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आम्ही तारीख पुढे देऊ.

मूल झोपलंच नाही तर दुसऱ्या खेपेचे पैसे आम्ही घेत नाही. अहवाल मराठीत समजावून देतो. श्रवणयंत्र लागलं तर मुलाच्या कानाचा साचा इथेच घेतो, आणि कान वाढला की नवा साचाही करून देतो. ऐकणं ठीक निघालं तर थेरपी लगेच सुरू करता येते. थेरपीत आईबाबांनी आत बसायचं असतं, कारण घरी बोलून घ्यायचं काम तुमचंच आहे.

वेळ घ्यायला फोन कराल तेव्हा मूल दुपारी किती वाजता झोपतं ते सांगा, शक्यतो तीच वेळ देऊ.