गर्भाचे वय आणि कायद्याची मोजपट्टी

1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 312 ने गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीलाही आरोपी केले. शिक्षा मात्र दोन तऱ्हेची होती: एरवी 3 वर्षांपर्यंत आणि पोटात हालचाल जाणवू लागली असेल तर 7 वर्षांपर्यंत. ही हालचाल पहिलटकरणीला साधारणपणे 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास जाणवते आणि सर्वांत आधी ती तिलाच कळते.

गर्भपाताच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या शांतिलाल शाह समितीच्या 1966 च्या अहवालानंतर 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि हालचालींच्या जागी आठवडे आले: 12 पर्यंत एका डॉक्टरचे मत, 20 पर्यंत दोघांचे. गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे असे हा कायदा म्हणत नाही. अटी पाळणाऱ्या डॉक्टरला तो शिक्षेपासून वाचवतो, एवढेच.

आता हे आठवडे मोजतात कसे ते पाहू. गर्भधारणेचा नेमका दिवस सहसा ठाऊक नसल्याने शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरला जातो. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच कागदावर 4 आठवडे भरलेले असतात. गर्भ मात्र जेमतेम 2 आठवड्यांचा असतो. पाळी अनियमित असेल, तर बाईला दिवस गेल्याचे कळेपर्यंत 8-10 आठवडेही सहज उलटतात. दुसऱ्या टोकाची अडचण याहून बिकट आहे. गर्भातील व्यंग शोधणारी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांच्या आसपास होते. त्यात हृदयाबद्दल शंका आली की इको, पुन्हा तपासणी, पुन्हा वाट पाहणे, आणि तोवर 20 ची रेषा मागे पडलेली असते. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका जोडप्याला परवानगी नाकारली. 1971 मध्ये सोनोग्राफी दवाखान्यांत पोहोचलेलीच नव्हती, म्हणून त्या कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण दुरुस्तीला 2021 उजाडावे लागले, हे मात्र अक्षम्य वाटते.

या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवड्यांवर नेली, गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने ती काढूनच टाकली आणि गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीतील ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आणला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 24 आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही लागू केली.

दरम्यान औषधशास्त्राने क्युरेटिंगची (गर्भाशय खरवडून रिकामे करण्याची) गरज बरीच कमी केली होती. 2002 मध्ये भारतात मान्यता मिळालेले मिफेप्रिस्टोन गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम अडवते, आणि नंतर घेतलेले मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाला कळा आणते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 312 चा क्रमांक बदलून 88 झाला. हालचालीपूर्वी 3 वर्षे आणि हालचालीनंतर 7 वर्षे, हा फरक तसाच आहे.