पहिला किर्लोस्कर नांगर कुठला? आपल्या बेळगावचाच!

‘किर्लोस्करांचा लोखंडी नांगर किर्लोस्करवाडीत जन्मला’ असं आपल्या सीमाभागातही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1888 साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं केली आणि 1903 मध्ये लोखंडी नांगरही इथंच घडवला. किर्लोस्करवाडी वसली 1910 साली. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं.

सुरुवातीला या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. खरं तर खानापूरकडची माती तांबडी दिसते तीच मुळी लोहाच्या संयुगांमुळे! लाकडी नांगर माती नुसती उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो, वरचा वाकडा पत्रा ढेकूळ उलथवतो आणि हराळीची मुळं उन्हात उघडी पडतात.

किर्लोस्करवाडीचं मोठेपण वादातीत आहे. पण नांगराचं जन्मगाव विचारलं, तर बेळगावच सांगायला हवं.