पेशी आपला कचरा कुठे टाकते?

‘किती तास उपाशी राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते?’ आमच्या आहार-सल्ला केंद्रात हा प्रश्न वारंवार येतो. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपलाच खराब झालेला माल मोडून पुन्हा वापरणं. म्हणून हे पत्रक.

पेशीत प्रथिनं सतत तयार होतात आणि खराबही होतात. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका जुन्या होतात. पेशी या मोडक्या मालाभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार करते. ती लयकारिकेला, म्हणजे लायसोसोमला, जाऊन मिळते. तिथल्या आम्लात विकरं मालाचे तुकडे करतात आणि सुटलेली अमिनो आम्लं पेशी पुन्हा वापरते. पडक्या वाड्याचे वासे नव्या घराला लावावेत, तसंच हे! बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियां द ड्यूव्ह यांनी १९६३ मध्ये याला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असं नाव दिलं. त्यामागची जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

ही साफसफाई सर्वांत मोलाची आहे ती मेंदूला. विभागणाऱ्या पेशीतला कचरा दोन पेशींत वाटला जातो. चेतापेशी मात्र सहसा विभागत नाहीत, त्यामुळे साचेल ते तिथेच राहतं. उंदरांच्या फक्त चेतापेशींत ही यंत्रणा बंद केली, तेव्हा प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या आणि त्यांच्या हालचाली बिघडल्या. माणसात पार्किन आणि पिंक१ ही जनुकं बिघडलेल्या तंतुकणिका हेरायला मदत करतात. त्यांच्यात दोष असेल तर कमी वयातच पार्किन्सन होऊ शकतो. कर्करोगात गोष्ट दुहेरी आहे: ऑटोफॅजी सुरुवातीला गाठ रोखायला मदत करते, पण वाढलेल्या गाठीलाही तीच जगवू शकते. तेव्हा ‘जितकी जास्त तितकी चांगली’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता तासांबद्दल. ऑटोफॅजी थोड्या प्रमाणात कायम चालूच असते. खाणं थांबलं की इन्सुलिन उतरतं, एमटॉर या प्रथिनाने लावलेला ब्रेक सैल होतो आणि वेग वाढतो. यकृतात तो एक असतो, स्नायूत दुसरा, त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा आकडा आम्ही देत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत ती मोजताही येत नाही. ‘पेशी स्वच्छ करणारी’ पावडर आम्ही विकत नाही, कुणाला सुचवतही नाही. व्यायामाने ऑटोफॅजी वाढते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसलं आहे. तो तसाही करावाच.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबलचक उपवास कृपया करू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि वजन कमी असलेल्यांना आम्ही उपवास सुचवत नाही. पहिल्या भेटीला येताना चालू औषधांची यादी सोबत आणा.