अर्धी बोट चालतच राहिली

२९ नोव्हेंबर १९६६, रात्रीचे सव्वादोन. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पंचमहासरोवरांपैकी ह्युरॉन सरोवरात वादळ घोंगावत होतं. तुटलेल्या बोटीच्या पुढच्या भागावर तराफ्यापाशी जमलेल्या खलाशांना अंधारात काहीतरी येताना दिसलं. त्यांना वाटलं, कोणाची तरी बोट मदतीला आली. प्रत्यक्षात ती त्यांच्याच बोटीची मागची अर्धी बाजू होती. ती तुटून वेगळी झाली होती आणि तिच्यातलं इंजिन मात्र चालूच होतं. ते अर्धं जहाज तसंच पुढे निघून गेलं आणि सुमारे आठ किलोमीटर अंतरावर बुडालं.

ही 'डॅनियल जे. मॉरेल' नावाची आगबोट. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९०६ साली बांधलेली, १८४ मीटर लांब. पुढच्या टोकाला सुकाणूघर, मागच्या टोकाला इंजिन आणि मधली सगळी जागा खनिजासाठी, अशी या सरोवरांतल्या मालवाहू बोटींची ठरलेली बांधणी. सुपीरियर सरोवराकाठचं लोहखनिज खालच्या सरोवरांवरच्या पोलाद कारखान्यांना पोचवायचं, हिवाळ्यात पाणी गोठलं की धक्क्याला उभं राहायचं आणि वसंतात पुन्हा निघायचं. हे साठ वर्षं चाललं.

साठ वर्षं टिकली ती गोड्या पाण्यामुळे. मुंबईत समुद्राकडच्या खिडकीचे गज किती लवकर सोलतात ते आपण पाहतो. सरोवरात मीठच नाही, त्यामुळे गंज फार सावकाश चढतो. १९५६ साली मॉरेलचं जुनं इंजिन काढून नवं वाफेचं इंजिन बसवलं. पोलाद मात्र १९०६चंच राहिलं, आणि मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच आहे.

शेंगदाण्याची चिक्की करताना पाक गरम असेपर्यंत लाटता येते, वाकवता येते. गार झाली की तीच कडकन तुटते. पोलादातली आतली घडामोड वेगळी असते, पण अनुभव तसाच. ताण आला की लोखंडातले अणूंचे थर एकमेकांवरून थोडे सरकतात, पत्रा वाकतो आणि ताण जिरतो. थंडीत हे सरकणं अवघड होतं. मग एखाद्या खाचेतून निघालेली चीर कुठेच अडत नाही, क्षणात पत्रा ओलांडून जाते. कोणत्या तापमानाला पोलाद असं ठिसूळ होईल, हे त्याच्या घडणीवर ठरतं. गंधक आणि फॉस्फरस जास्त असला, कण जाडे असले, तर फारशी कडक थंडीही लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे ढळढळीत दिसलं. जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' हा नवाकोरा टँकर ओरेगनमध्ये धक्क्याला बांधलेला असताना, शांत पाण्यात मधोमध फाटला. दोष फक्त जोडकामाचा नाही, थंडीत पोलादच ठिसूळ होतं, हे केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं. पुढे जहाजांच्या पोलादाचे निकष बदलले. जुन्या बोटी मात्र जुन्याच पोलादाच्या राहिल्या.

मॉरेल त्या रात्री रिकामी होती, हंगामाची शेवटची खेप आणायला निघालेली. लाटा सहा ते आठ मीटरच्या, पाणी जेमतेम एक अंश सेल्सिअस. लाट बोटीच्या मध्याखाली आली की दोन्ही टोकं लोंबतात आणि डेकचे पत्रे ताणले जातात; लाटा टोकांखाली आल्या की पोट खाली झुकतं आणि तेच पत्रे दाबले जातात. खांद्यावर नेलेला लांब बांबू कसा वरखाली हेलकावतो, तसं. हे तासन् तास सुरू होतं. शेवटी डेक फाटलं. विजेच्या तारा तुटल्या, त्यामुळे मदतीची हाकही गेली नाही.

बोट हरवली हे दुसऱ्या दिवशी दुपारी, ती मुक्कामाला पोचली नाही म्हणून कळवलं गेलं. २९ जणांपैकी एकटा डेनिस हेल वाचला. वय २६. अंगावर चड्डी, लोकरी कोट आणि जीवरक्षक जाकीट. तराफ्यावरचे तिघे सोबती त्याच्या डोळ्यांदेखत गेले. तब्बल ३८ तासांनी हेलिकॉप्टरने त्याला उचललं. त्या ३८ तासांचा विचार केला की माझा हात लिहिताना थांबतो.

अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशीत १९४८ पूर्वीच्या ठिसूळ पोलादाला कारण धरलं गेलं. पुरावाही जवळच होता. मॉरेलसारखीच १९०६ साली बांधलेली, तिची जवळजवळ जुळी असलेली 'एडवर्ड वाय. टाउनसेंड' त्याच वादळातून तरून आली होती. सू सेंट मेरीच्या धक्क्यावर तिच्या डेकवर चीर सापडली. तिने पुन्हा माल वाहिला नाही. १९६८ साली भंगारासाठी स्पेनकडे ओढून नेताना ती अटलांटिकमध्ये बुडाली.