दोन बायआउट: एक वहीत राहतो, दुसरा राहत नाही

टोरोंटोतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत दर जूनमध्ये एक वाद हमखास रंगतो. आइस हॉकीचा स्टॅन्ली कप कुणी जिंकला हे एकदा ठरलं, की चर्चा पुढच्या हंगामाच्या संघबांधणीकडे वळते. मग कुणीतरी एका महागड्या, ढेपाळलेल्या खेळाडूचं नाव काढतं आणि म्हणतं, "अरे, 2013 मध्ये ग्राबोव्स्कीला काढला तसा याला काढा की! पैसे देऊन मोकळे व्हा, कॅपवर काही येत नाही."

पैसे देऊन मोकळं होता येतं, हे खरं. कॅपवर, म्हणजे एका हंगामात संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याच्या लीगने घातलेल्या मर्यादेवर, काही येत नाही, हे मात्र आता खरं राहिलेलं नाही. बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएल या लीगमध्ये बायआउट, म्हणजे पैसे देऊन खेळाडूचा करार मधेच संपवणं, या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी होऊन गेल्या. एक साधा बायआउट, तो आजही आहे. दुसरा कॉम्प्लायन्स बायआउट, तो 2013 आणि 2014 या दोन उन्हाळ्यांपुरताच होता. नाव एकच, खेळाडूच्या हाती पडणारी रक्कमही त्याच सूत्राने निघणारी, म्हणून गोंधळ होतो. पण सॅलरी कॅप आकसत असताना संघ बांधायचा असेल, तर या दोघांतला फरक कळल्याशिवाय एकही आकडा नीट जुळत नाही.

आधी जे सारखं आहे ते बघू. करार संपायच्या आत संघाला खेळाडू नको झाला, तर उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम द्यायची. खेळाडू 26 वर्षांच्या आतला असेल तर एक तृतीयांश. ही रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात समान हप्त्यांनी फेडायची. खेळाडू मोकळा होतो आणि कुठल्याही दुसऱ्या संघाशी करार करू शकतो. इथवर दोन्ही प्रकार जुळे भाऊ वाटतात.

सगळ्यात सरळ उदाहरण रिक डिपिएट्रोचं. न्यूयॉर्क आयलँडर्सनी 2006 मध्ये या गोलरक्षकाशी 15 वर्षांचा, 6 कोटी 75 लाख डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला 45 लाख. पुढे दुखापतींनी त्याचं शरीर पोखरलं. 2013 च्या उन्हाळ्यात कराराची आठ वर्षं आणि 3 कोटी 60 लाख डॉलर बाकी होते. त्याचे दोन तृतीयांश 2 कोटी 40 लाख. ते 16 वर्षांत, वर्षाला 15 लाखप्रमाणे, 2028-29 च्या हंगामापर्यंत.

साधा बायआउट असता तर हेच 15 लाख दर वर्षी, सोळाच्या सोळा वर्षं, आयलँडर्सच्या कॅपमध्ये धरले गेले असते. कॉम्प्लायन्स बायआउट होता म्हणून कॅपमध्ये शून्य. मालकाच्या खिशातून पैसे दोन्हीकडे तेवढेच जातात. फरक फक्त लीगच्या वहीत.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावताना मी कर्जाचं उदाहरण देतो. साधा बायआउट म्हणजे कर्जाचं पुनर्गठन: आजचा हप्ता हलका होतो आणि मुदत लांबते. कॉम्प्लायन्स बायआउट म्हणजे कर्जमाफी, पण ती केवळ कॅपपुरती. खऱ्या पैशांची माफी कुणालाच मिळाली नाही.

ही माफी द्यायची वेळ का आली, तेही सांगायला हवं. 2012 मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार जुळेना आणि लॉकआउट झाला, म्हणजे मालकांनी खेळ बंद ठेवला. जानेवारी 2013 मध्ये तोडगा निघाला तेव्हा हंगाम 48 सामन्यांचाच उरला होता. जुन्या व्यवस्थेत हॉकीच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा 57 टक्के होता, नव्यात तो 50 वर आला. वाटा घटला तशी कॅपही घटणार होती. 2012-13 साठी संघांना 7 कोटी 2 लाख डॉलरच्या हिशेबाने मुभा मिळाली, पण 2013-14 ची कॅप ठरली 6 कोटी 43 लाख. वाढत्या कॅपवर भरवसा ठेवून दिलेले लांबलचक करार तसेच्या तसे आणि छत मात्र एका उन्हाळ्यात 59 लाखांनी खाली. म्हणून प्रत्येक संघाला दोन कॉम्प्लायन्स बायआउट दिले गेले. दोन उन्हाळ्यांत मिळून दोनच, आणि तेही जुन्या व्यवस्थेत झालेल्या करारांसाठी. नव्या नियमांखाली केलेला करार फसला तर तो ज्याचा त्याने निस्तरायचा.

आता साध्या बायआउटचा हिशेब. डिपिएट्रोचा पगार दर वर्षी सारखाच होता, म्हणून त्याचं गणित सोपं निघालं. पगार वरखाली असेल तेव्हा या सूत्राचे दात दिसतात.

झॅक परीझी आणि रायन सूटर यांनी 4 जुलै 2012 रोजी मिनेसोटा वाइल्डशी एकसारखे करार केले: प्रत्येकी 13 वर्षं, 9 कोटी 80 लाख डॉलर. कॅप हिट म्हणजे कराराची वार्षिक सरासरी, ती आली सुमारे 75 लाख 38 हजार. पण प्रत्यक्ष पगार सुरुवातीला भरपूर आणि शेवटी अगदी थोडा, अशी मांडणी होती. 13 जुलै 2021 रोजी सरव्यवस्थापक बिल गेरिन यांनी दोघांनाही एकाच दिवशी बायआउट केलं. तेव्हा प्रत्येकाच्या कराराची चार वर्षं उरली होती. पगार होते 60 लाख, 20 लाख, 10 लाख आणि 10 लाख. एकूण एक कोटी. त्याचे दोन तृतीयांश आठ वर्षांत वाटले, की हप्ता पडतो 8 लाख 33 हजार.

कॅपचं सूत्र असं: मूळ कॅप हिट घ्यायची आणि त्या वर्षी पगारात जेवढी खरी बचत झाली तेवढीच तिच्यातून वजा करायची. पहिल्या वर्षी 60 लाखांऐवजी 8.33 लाख द्यायचे, म्हणून बचत 51.67 लाख. 75.38 मधून ती गेली, उरले 23.71 लाख. चांगली सुटका. दुसऱ्या वर्षी पगारच 20 लाख, म्हणून बचत 11.67 आणि कॅपवर 63.71 लाख. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी पगार दहा लाख, बचत फक्त 1.67 लाख, कॅपवर 73.71 लाख! म्हणजे खेळाडू संघात नाही, तो दुसऱ्या शहरात दुसऱ्या रंगाची जर्सी घालून खेळतोय, आणि तरी त्याची जवळजवळ पूर्ण किंमत तुमच्या कॅपमध्ये बसलेली. त्यानंतर आणखी चार वर्षं 8.33 लाखांची शेपटी आहेच.

दोघांचे मिळून आकडे झाले 47 लाख, मग 1 कोटी 27 लाख, मग सलग दोन वर्षं 1 कोटी 47 लाख. 2023-24 ची कॅप होती 8 कोटी 35 लाख. तिचा सहावा भाग ओलांडून जाणारी रक्कम संघात नसलेल्या दोन माणसांवर खर्ची पडली होती.

मग गेरिन यांनी हे केलं कशासाठी? काळ बघा. कोविडमुळे कॅप 8 कोटी 15 लाखांवर गोठलेली. सिएटल क्रॅकन या नव्या संघासाठी खेळाडू निवडायची वेळ तोंडावर आलेली, आणि परीझी-सूटर यांच्या करारांत बदलीला नकार देण्याचा हक्क असल्यामुळे त्यांना संरक्षित यादीत, म्हणजे नव्या संघाला उचलता येत नाहीत अशा खेळाडूंच्या यादीत, जागा देणं भाग होतं. बायआउटमुळे त्या दोन जागा सुटल्या. शिवाय पहिल्या वर्षी कॅपमध्ये एक कोटीहून जास्त मोकळे झाले. त्याच सप्टेंबरात किरिल काप्रिझोव्हचा पाच वर्षांचा, वर्षाला 90 लाखांचा करार झाला. 2021-22 मध्ये वाइल्डने 113 गुण मिळवले, तोवरच्या त्यांच्या इतिहासातले सर्वाधिक.

पण पुनर्गठनाचा जड हप्ता लगेच दारात आला. त्याच हंगामात 85 गुण (गोल आणि असिस्ट मिळून) नोंदवणाऱ्या केविन फियालाला नव्या कराराचे पैसे द्यायला कॅपमध्ये जागा नव्हती. 29 जून 2022 रोजी तो लॉस एंजेलिसला गेला. बदल्यात मिळालेला ब्रॉक फेबर पुढे अव्वल बचावपटू निघाला, हे वाइल्डचं भाग्य आणि त्यांच्या पारखी नजरेचं श्रेय. तरीही ऐन भरातला फॉरवर्ड केवळ वहीतल्या आकड्यामुळे सोडावा लागला, ही रुखरुख मला अजून आहे. मी वाइल्डचा चाहता नसूनही.

हे गणित कळलं, की 2013 चे निर्णय वेगळ्या नजरेने वाचता येतात. हाती दोनच माफीपत्रं असताना ती कुणावर खर्च करायची? सगळ्यात वाईट खेळणाऱ्यावर, असं पटकन वाटतं. माझ्या मते ज्याचा साधा बायआउट सगळ्यात महाग किंवा सगळ्यात लांब पडेल, त्याच्यावर. फिलाडेल्फियाने गोलरक्षक इल्या ब्रिझगालोव्हवर एक वापरलं. त्याची सात वर्षं उरलेली, म्हणजे साध्या मार्गाने 14 वर्षं कॅपमध्ये घर करून बसला असता. टँपा बेचा कर्णधार विन्सेंट लकाव्हालिये याचीही सात वर्षं बाकी होती आणि कॅप हिट 77 लाखांवर. 2004 चा कप जिंकून देणाऱ्या संघातला, 1998 पासून त्याच शहरात वाढलेला हा माणूस. टँपाचे तेव्हाचे सरव्यवस्थापक स्टीव्ह आयझरमन यांनी त्याला मोकळं केलं. जुलैच्या सुरुवातीला त्या जागेत व्हाल्टेरी फिल्पुला वर्षाला 50 लाखांत आला, आणि दोन वर्षांत टँपा अंतिम फेरीत होता. भावनेने पाहिलं तर कठोर निर्णय. आकड्यांनी पाहिलं तर यापेक्षा चांगला वापर क्वचितच कुणी केला असेल.

आमच्या टोरोंटोने मात्र मिखाइल ग्राबोव्स्कीवर एक पत्र खर्च केलं. त्याची चार वर्षं, 55 लाखांची कॅप हिट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, 4 जुलैला, त्याला सोडलं आणि 5 जुलैला डेव्हिड क्लार्कसनला सात वर्षांसाठी आणलं, कॅप हिट 52.5 लाख. हा करार नव्या नियमांखालचा, म्हणजे कॉम्प्लायन्सचा दरवाजा बंद. आणि त्यातला मोठा हिस्सा साइनिंग बोनसचा, म्हणजे मूळ पगाराहून वेगळ्या ठरलेल्या रकमेचा. बायआउटमध्ये सूट मिळते ती मूळ पगारावर. बोनस पूर्ण द्यावाच लागतो आणि कॅपमधून सुटतही नाही. म्हणजे साधा बायआउटही जवळजवळ निरुपयोगी. शेवटी फेब्रुवारी 2015 मध्ये त्याला कोलंबसला पाठवून पाठीच्या दुखण्याने खेळूच न शकणाऱ्या नेथन हॉर्टनचा करार घ्यावा लागला, तेव्हा सुटका झाली. माफीपत्र वापरून मोकळी केलेली जागा दुसऱ्याच दिवशी माफी न मिळणाऱ्या कराराने भरली. संघाच्या नियोजनातली इतकी महागात पडलेली दोन दिवसांची जोडी मी दुसरी पाहिलेली नाही.

खेळाडूच्या बाजूने या दोन्हींत फरक नाही म्हटलं, पण एक आहे आणि तो एकट्याचा नाही, सगळ्यांचा आहे. कॉम्प्लायन्स बायआउटची रक्कम संघाच्या कॅपमध्ये धरली जात नसली, तरी खेळाडूंच्या सामूहिक 50 टक्क्यांतच मोजली जात होती. म्हणजे संघाला मिळालेल्या माफीचा भार थोडाथोडा बाकीच्या खेळाडूंनी उचलला.

आणि एक जागा अशी होती जिथे नियमानेच माणसाची कोंडी केली. दुखापतग्रस्त खेळाडूला बायआउट करता येत नाही. त्यामुळे जानेवारी 2013 मध्ये छोटा हंगाम सुरू होताना माँट्रियलने स्कॉट गोमेझला आणि रेंजर्सनी वेड रेडनला खेळवायचंच नाही असं ठरवलं. खेळले, लागलं, तर उन्हाळ्यात कॅपमधून काढता येणार नाही, ही भीती. धडधाकट माणसांना पगार देऊन घरी बसवायचं. लीग आणि संघटनेने मिळून मग त्या दोघांसाठी बायआउट लगेच करायची वाट काढली. गोमेझ सॅन होजेकडून आणि रेडन सेंट लुईसकडून खेळू शकला.

म्हणून यंदा जूनमध्ये मित्राने "तसा काढा की" म्हटलं, तर मी कागद पुढे करणार आहे. त्यावर चार रकाने: वर्ष, मूळ पगार, बोनस, कॅप हिट. पहिल्या वर्षाची बचत बघून कुणी खूश झालं, की बोट तिसऱ्या ओळीवर. आणि त्या वर्षी आपल्या संघातल्या कुठल्या तरुणाचा करार संपतोय, ते नाव शेजारी लिहायचं.

2028-29 च्या हंगामात एक योगायोग आहे. डिपिएट्रोचा सोळावा हप्ता त्या वर्षी संपतो आणि परीझी-सूटर यांचा आठवाही. आयलँडर्स त्या वर्षी 15 लाख देतील, कॅपमध्ये शून्य लिहितील. वाइल्ड दोघांना मिळून 16 लाख 67 हजार देईल आणि तेवढेच्या तेवढे कॅपमध्ये लिहील.