एलईडी ड्रायव्हर मंडल : घटकांची निवड आणि पीसीबीची मांडणी

एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणारे मंडल म्हणजे एलईडी ड्रायव्हर. पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट दाब असतो. तो किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने चढतो. त्यातच एलईडी तापली की तिचा दाब उतरतो आणि प्रवाह आणखी वाढतो. म्हणून स्थिर ठेवायचा तो प्रवाह, दाब नव्हे.

मराठवाड्यात शेतातल्या आखाड्यावर १२ व्होल्टची बॅटरी आणि सौरपट्टी हा नेहमीचा जोड आहे. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते, उतरली की १०.८ वर येते. एका ओळीतल्या तीन एलईडींना ९.३ व्होल्ट लागतात असे धरू. नुसता रेझिस्टर लावला, तर त्याच्या वाट्याला कधी ५.१ तर कधी १.५ व्होल्ट येतात. म्हणजे ३५० मिलीअँपिअरचा प्रवाह शंभराच्या आसपास घसरतो. ऐन पहाटे, मोटार चालू करायला निघावे तेव्हा, उजेड मंदावतो. इथे बक प्रकारचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून दाब खाली आणणारा, स्विचिंग ड्रायव्हरच हवा. प्रवाह मोजणाऱ्या रेझिस्टरवर ड्रायव्हरची आयसी (नियंत्रक चिप) ०.२ व्होल्ट राखत असेल, तर ३५० मिलीअँपिअरसाठी ०.५७ ओहम लागतो. तो १ टक्का अचूकतेचा घ्यावा.

बाकी निवड उष्णता ठरवते. घटकांच्या डेटाशीटमधले (माहितीपत्रकातले) बहुतेक आकडे २५ अंशांचे असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या बंद डब्यात त्याहून बराच वर. सर्वांत आधी जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ८५ अंशांवर सुमारे ८,००० तास टिकेल. रोज दहा तास दिवा लागला तर दोन वर्षे आणि थोडे. ‘बल्ब उडाला’ म्हणून फेकलेल्या कित्येक दिव्यांत एलईडी शाबूत असतात. कपॅसिटरवर काटकसर करूच नये. सिरॅमिक घ्यायचा तर एक्स७आर वर्गाचा (तापमान बदलले तरी फारसा न बदलणारा), आणि दाब चढला की त्याची धारकता (वीज साठवण्याची क्षमता) घटते हे धरून. फेराइट कॉइलही तापल्यावर लवकर संपृक्त होते (आणखी चुंबकत्व साठवू शकत नाही), शॉट्की डायोडची गळती (उलट दिशेने निसटणारा प्रवाह) वाढते. दोन्हींत सढळ मोकळीक ठेवावी.

पीसीबीच्या, म्हणजे घटक बसवायच्या छापील पट्टीच्या, मांडणीत एक गोष्ट आधी बसवावी : इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर, मॉस्फेट (प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि डायोड यांचे वेटोळे. यातला प्रवाह क्षणात तुटतो-जुळतो. ट्रॅक लांबले की त्यांच्या प्रेरकतेमुळे (प्रवाहातल्या बदलाला होणाऱ्या विरोधामुळे) दाबाचे झटके उठतात. मॉस्फेट दगावतो, जवळचा रेडिओ खरखरतो. हे तीन भाग एकमेकांना खेटून असावेत. प्रवाहमापक रेझिस्टरच्या दोन्ही टोकांपासून आयसीकडे स्वतंत्र बारीक ट्रॅक न्यावेत, नाहीतर जाड ट्रॅकचा रोधही मोजमापात शिरतो. एलईडी ॲल्युमिनियमच्या पीसीबीवर, कपॅसिटर तिच्यापासून दूर.

२३० व्होल्टच्या लाइनीवर आणखी एक धोका आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की एका फेजवर दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. तेव्हा २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा दाबाचे झटके शोषणारा घटक) स्वतः जळतो. त्याच्या आधी फ्यूज हवाच. लाइनीचा आणि एलईडीचा भाग यांच्यामध्ये पीसीबीत खाच कापावी आणि जोडणीनंतर वार्निश द्यावे, कारण कापसाची धूळ बसून पावसाळ्यात ओलावली की तिच्यातूनच वीज वाट काढते.